प्रौढ कामगार आणि ऑनलाइन शिक्षण

कामगाराला शिकण्याची हौसच नसते, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. सरकारने जुलै २०१७ मध्ये ‘स्वयम्’ सुरू करून शेकडो अभ्यासक्रम फुकट खुले केले. फोनही घरोघरी पोहोचला. मग आमच्या सोलापूरचा यंत्रमाग कामगार आणि विडी वळणारी बाई तिकडे का फिरकत नाहीत?

आधी हे सांगितले पाहिजे की, हा काही एकट्या कामगाराचा दोष नव्हे. अमेरिकेतील हार्वर्ड व एमआयटी या विद्यापीठांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. नाव नोंदविणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी अभ्यासक्रम उघडूनही पाहिला नव्हता. २०१७-१८ साली तो पुरा करणारे शेकडा तीनच्या आसपास. प्रमाणपत्रासाठी पैसे भरणाऱ्यांत मात्र हे प्रमाण ४६ टक्के होते. तेव्हा कामगाराकडूनही आधी पैसे घ्या, असे कोणी सुचवू नये! पैसे भरणाऱ्याला बहुधा पुढची बढती दिसत असते. आमच्या विणकराने दहा प्रमाणपत्रे आणली, तरी त्याच्या मजुरीचा दर तोच राहणार.

आता विडीचे काम पाहा. पाने भिजवायची, कात्रीने बेताची कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. दोन्ही हात गुंतलेले, नजर बोटांवर. मजुरी हजारामागे. तासाला शंभर विड्या धरल्या, तर तासभर धडा ऐकणे म्हणजे शंभर विड्यांची मजुरी सोडणे होय. शिक्षण फुकट खरे. पण तास बाईच्या पदरचा जातो. शिवाय पूर्वभागात घरची भाषा तेलुगू, बाजारची मराठी आणि अभ्यासक्रम बहुतेक इंग्रजीत. घरात फोन एक, तोही संध्याकाळी मुलांच्या हाती.

फोनचीच भीती असती, तर २०२१ साली ‘ई-श्रम’ची नोंदणी झाली नसती. तेथेही ओटीपी होता, आधार होते. पण शेजारी बसून अर्ज भरून देणारा माणूस होता आणि अपघात विम्याचा लाभ समोर दिसत होता. बायका रांगा लावून आल्या.

पूर्वीच्या लोकांना हे उमगले होते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी शाळा काढली, ती रात्रीची. दिवसाची मजुरी बुडू नये हा त्यात विचार होता. १९५८ साली केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ नागपुरास स्थापन झाले. त्याने कामगारांतूनच शिक्षक तयार केले, आणि त्यांच्या प्रशिक्षणासाठी मालकांनी पगारी मोकळीक देण्याची प्रथा पाडली. नाशिकच्या मुक्त विद्यापीठानेही १९८९ नंतर नुसती पुस्तके धाडली नाहीत; गावोगाव अभ्यासकेंद्रे काढली. वर्गात न समजल्यास शेजाऱ्याला कोपर मारून विचारता येते. पन्नाशीच्या माणसाला आपले अज्ञान पडद्यापुढे एकट्याने सोसणे फार जड जाते.

गिरण्या होत्या तोवर भोंगा झाला की पाळी सुटे, आणि संध्याकाळ कामगाराची असे. आज यंत्रमागावर बारा-बारा तास जातात, विडी तर घरातच असल्याने तिला सुट्टीच नाही. म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे: आठवड्यातून दोन तास, मजुरी न कापता, विडी कारखान्याच्या शाखेत किंवा मागाच्या शेडपाशी वर्ग भरवा. शिकविणारा मराठी आणि तेलुगू दोन्ही बोलणारा असावा. ऑनलाइन धडे तेथे भिंतीवर दाखवा, आमची हरकत नाही. त्या दोन तासांची मजुरी मालकाने द्यायची की सरकारने, एवढे आधी ठरवा.