नातीची गोळी, आजीची गोळी

नातीच्या टेबलावर स्पायरोनोलॅक्टोनची गोळी दिसली तर घाबरू नका. आपल्यापैकी काहींना हीच गोळी हृदयाच्या आजारासाठी, रक्तदाबासाठी किंवा अंगावरच्या सुजेसाठी मिळते. नातीला ती मुरुमांसाठी दिलेली असू शकते.

पंचविशी-तिशीनंतरही पुष्कळ बायकांना मुरुमे येतात. त्यात अस्वच्छतेचा दोष नाही. बाईच्या शरीरातही थोडी पुरुषी संप्रेरके असतात. त्यांच्यामुळे त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात. ही गोळी त्यांचा परिणाम अडवते. २०२३ साली इंग्लंड-वेल्समधल्या ४१० स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १२ आठवड्यांपेक्षा २४ आठवड्यांनी गुण अधिक दिसला. तेव्हा धीर हवा. मात्र गरोदरपणी ही गोळी घेत नाहीत. पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो.

गोळी एकच असली, तरी आपली तिला देऊ नये, तिची आपण घेऊ नये. तिने रक्तातले पोटॅशियम वाढू शकते. उतारवयात मूत्रपिंडे मंदावली की ते हृदयाला घातक ठरते. म्हणून ही गोळी चालू असेल तर रक्ततपासणी चुकवू नका, आणि पोटॅशियमचे ‘कमी सोडियमवाले’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणात घालू नका.