पोच मिळाली नाही, म्हणजे पोचलेच नाही?

बँकेच्या व्यवहारात ‘पोच’ या दोन अक्षरी शब्दाला मोठे मोल आहे. ग्राहक भरणा करतो, रोखपाल शिक्का मारतो आणि पावती हाती पडली की ग्राहक निश्चिंत होतो. घरबसल्या बँकिंगच्या काळात हीच पोच पडद्यावर उमटते. ती उमटण्यापूर्वीच इंटरनेटची जोडणी तुटली तर काय करावे, याचा धडा आमच्या कुटुंबाला भिलाईतील मरोदा येथे मिळाला.

मरोदा म्हटले की भिलाई पोलाद कारखान्यासाठी पाणी साठवणारा जलाशय डोळ्यांसमोर येतो. या परिसरात आमच्या सेवानिवृत्त वडिलांचे घर आहे. तेथवर तारेची जोडणी पोहोचली नव्हती. म्हणून सुमारे २ किलोमीटरवरील थोरल्या बंधूंच्या घरातून, दोन्ही गच्च्यांवर समोरासमोर अँटेना बसवून, इंटरनेट बिनतारी मार्गाने आणले. मार्चमध्ये सारे सुरळीत होते. आषाढ लागला आणि जोडणी दिवसातून अनेकदा तुटू लागली.

अशाच एका दुपारी वडील नातीच्या महाविद्यालयाचे शुल्क भरत होते. मुदतीचा शेवटचा दिवस होता. त्यांनी बटण दाबले आणि पडदा जागीच थिजला. पोच आली नाही, म्हणून त्यांनी पुन्हा पैसे पाठवले. सायंकाळी खातेउतारा पाहिला, तर रक्कम दोन्ही वेळा वजा झालेली! जादा रक्कम महाविद्यालयाकडून परत मिळेपर्यंत तीन आठवडे वडिलांना चैन पडले नाही.

दोष पावसाचा की पानांचा?

सर्वांनी पावसाला दोष दिला. उपग्रहाद्वारे, म्हणजे व्हीसॅटने जोडलेल्या शाखांत मुसळधार पावसात जोडणी क्षीण झाल्याचा अनुभव अनेक कर्मचाऱ्यांना असल्याने तसे वाटणे स्वाभाविकही होते. परंतु आमची जोडणी ५.८ गिगाहर्ट्‌झ लहरींवर चालत होती. एवढ्या कमी अंतरात या लहरींवर पावसाचा परिणाम नगण्य असतो.

ताळेबंदात तफावत आली की आपण अंदाज बांधत बसत नाही. एकेक नोंद पडताळतो. तीच पद्धत येथे अवलंबिली. वडिलांनी एक वही घातली. सकाळ-सायंकाळ सिग्नलची तीव्रता, हवामान आणि जोडणी तुटल्याची वेळ ते नोंदवू लागले. एका वेळी एकच बदल करावयाचा, हा नियम ठरला.

पंधरवड्यात वहीने दोन गोष्टी सांगितल्या. मार्चमध्ये उणे ६२ डीबीएम असलेली तीव्रता आता स्वच्छ उन्हातही उणे ७८ होती. हे परिमाण ३ अंकांनी घटले की शक्ती निम्मी होते. १६ अंकांची घट म्हणजे शक्तीचा जेमतेम चाळिसावा भाग उरणे. दुसरे असे, की जोराच्या पावसानंतर आकाश निवळले तरी दिवसभर जोडणी अधिकच बिघडलेली असे.

पहिल्याचे कारण वाटेतील सागाची झाडे. मार्चमध्ये ती निष्पर्ण होती. पावसाबरोबर त्यांना मोठी, रसरशीत पाने फुटली. दोन अँटेनांमधील लहरींचा मार्ग दोरीसारखा बारीक नसतो. तो मध्यभागी फुगलेल्या चातीसारखा असतो. २ किलोमीटर अंतरासाठी मध्यावर त्याची त्रिज्या सुमारे ५ मीटर भरते, आणि त्यातील निदान ३ मीटर भाग मोकळा हवा. झाडे न तोडता अँटेनाचा खांब ३ मीटरने उंच केला, त्यास ताण दिले, विजेपासून संरक्षणासाठी अर्थिंगही केले. तीव्रता उणे ६६ वर आली.

दुसऱ्याचे कारण अँटेनाच्या जोडात शिरलेले पाणी. जोड बदलून त्यावर जलरोधक रबरी पट्टी गुंडाळली आणि पाणी खालीच निथळावे म्हणून जोडाजवळ केबलला खाली झुकता झोल दिला.

तरीही वेग मंदच होता. बिनतारी यंत्रे पाठवलेल्या प्रत्येक माहितीची पोच मागतात. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. म्हणजे २ किलोमीटर जाऊन परत येण्यास सुमारे १३ मायक्रोसेकंद हवेत. आमच्या यंत्रातील प्रतीक्षेची मुदत मात्र घरातल्या अंतरापुरती होती. पोच वाटेत असतानाच यंत्र ‘पोचले नाही’ असे समजून तीच माहिती पुन्हा पाठवी. सेटिंगमध्ये अंतर २ किलोमीटर करताच वेग सुधारला. वडिलांनी शुल्काबाबत जे एकदा केले, तेच हे यंत्र दिवसभर करीत होते!

झाडांच्या अडथळ्यावर आपल्या महाराष्ट्रातही मोठे काम झाले आहे. पालघर जिल्ह्यातील खामलोली परिसरात आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर व सहकाऱ्यांनी ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पात दूरचित्रवाणी पट्ट्यातील रिकाम्या लहरींवर गावोगावी इंटरनेट पोहोचवण्याची चाचणी घेतली. कमी वारंवारितेच्या या लहरी झाडीतून अधिक सुलभतेने जातात. २०१७ मध्ये या प्रकल्पास मोझिलाच्या स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळाले.

ग्राहकांनी काय करावे?

यंत्र आणि माणूस यांत एक फरक आहे. तीच माहिती दुसऱ्यांदा आली, तर अनुक्रमांकावरून ओळखून यंत्र ती टाकून देते. आपण दुसऱ्यांदा दाबलेले बटण मात्र बँकेच्या दृष्टीने नवी आज्ञा असते. म्हणून पडदा थिजल्यास प्रथम खातेउतारा पाहावा किंवा शाखेत विचारावे. रक्कम वजा झाली असेल, तर पुन्हा पाठवू नये. यूपीआयने पाठवलेली रक्कम आपल्या खात्यातून जाऊनही समोरच्याच्या खात्यात जमा झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ती पुढील दिवसापर्यंत आपोआप परत मिळावयास हवी. व्यापाऱ्यास केलेल्या भरण्यासाठी ही मुदत ५ दिवसांची आहे. त्यानंतरच्या विलंबास प्रतिदिन १०० रुपये भरपाई आहे. दोनदा यशस्वी झालेला भरणा मात्र यात मोडत नाही. तो ज्याला दिला त्याच्याकडूनच परत मागावा लागतो.

वडिलांची वही आजही चालू आहे. तिच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वहस्ते लिहिले आहे – ‘आधी उतारा, मग दुसरे बटण.’