होडीला पांढरी पूड सुटते तेव्हा

फायबरच्या जुन्या होडीवरून हात फिरवला की तळव्याला पांढरी पूड लागते. ‘रंग गेला, नवा मारून टाकू,’ असं घरात कुणीतरी लगेच म्हणतं. पण बहुतेक होड्यांवर तो रंग नसतोच. तो जेलकोट, म्हणजे रंगीत रेझिनचा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा थर. उन्हाने त्याचा फक्त वरचा पापुद्रा मरतो, खालचा रंग शाबूत असतो.

आपल्या गोव्यात पावसाआधी होड्या किनाऱ्यावर ओढतात, तेव्हाच हे काम उरकावं. सावलीत, गोड्या पाण्याने आणि साबणाने होडी धुवा. वाळल्यावर वीतभर जागेवर रबिंग कंपाउंड घासून बघा. चमक आली तर तेवढंच पुरे. नाही आली तरच १००० नंबरचा वॉटर पेपर, भरपूर पाणी घालून, हलक्या हाताने, मग कंपाउंड. शेवटी वॅक्स लावाच, नाहीतर पूड लवकरच परत येते.

एक लक्षात ठेवा. प्रत्येक घासणीत हा थर पातळ होतो आणि झिजलेला भरून येत नाही. आतलं फायबर दिसू लागलं की मात्र पॉलिशचा उपयोग नाही, रंगच द्यावा लागतो. आजोबांची होडी मुलांच्या हाती द्यायची असेल, तर घासणं कमी आणि वॅक्स दरवर्षी.