आमच्या खाडीतले जंगल

कोपरला स्थानके एकावर एक आहेत. खाली कल्याणची लोकल, वर दिवा-वसई मार्गाचा फलाट. परवा वसईला लग्नाला निघालो होतो. गाडी कोपर सोडून खाडीच्या पुलावर आली, तेव्हा समोरच्या मुलाने आजोबांना विचारले, ‘‘आबा, ते जंगल आहे का?’’ आजोबा सहज म्हणाले, ‘‘छे रे, चिखल आहे तो!’’

मी गप्प बसलो. काही वर्षांपूर्वी आम्ही घराच्या लाद्या बदलल्या, तेव्हा फुटक्या लाद्यांच्या गोण्या टेम्पोत चढत होत्या. ‘‘कुठे टाकणार?’’ मी विचारले. ‘‘खाडीकडे, साहेब.’’ मी पैसे दिले आणि दार लावून घेतले. मीही तो चिखलच समजत होतो.

उष्ण प्रदेशांतली जंगले का नाहीशी होतात, याची उत्तरे आपण दूरदेशी शोधतो. ॲमेझॉनमध्ये गुरांच्या कुरणांसाठी, इंडोनेशियात पामतेलाच्या मळ्यांसाठी रान तोडले गेले. कारण मुळात एकच : उभ्या झाडापेक्षा मोकळ्या जागेला भाव जास्त. आपल्या खाडीकाठी तरी वेगळे काय घडते? इथे कुऱ्हाडसुद्धा लागत नाही. तिवराची श्वासमुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. त्यांच्यावर राडारोडा पडला की झाड गुदमरते. बांध घालून भरतीचे पाणी अडवले, तर ते उभ्याउभ्या वाळते. मग ‘इथे झाडे होतीच कुठे?’ असे म्हणायला आपण मोकळे!

या झाडांची मुळे गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात, माशांच्या पिल्लांना आसरा देतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उल्हास खोऱ्यातली गावेही पाण्यात गेली. एवढा पाऊस एकटे तिवर अडवणार नाही, हे खरे. पण पाणी पसरायची जागाच भरून टाकली, तर ते आपल्या घराखेरीज जाणार कुठे?

त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीला मनाई केली. २०१८च्या निकालाने ती अधिक पक्की केली. २०१२मध्ये राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला, तर २०२०मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१च्या अहवालात महाराष्ट्रातले कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर नोंदले आहे. म्हणजे वाट आहे.

पण जंगल परत आणणे म्हणजे केवळ रोपे लावून फोटो काढणे नव्हे. भरती पोचत नाही तिथे लावलेले रोप जगत नाही. आधी भराव काढायचा, अडलेले पाणी मोकळे करायचे. जवळपास जुनी झाडे असतील, तर त्यांची बीजे भरतीबरोबर आपणहून येतात आणि रुजतात. रोपे लावायची ती जिथे बीज पोचत नाही तिथे.

वसईला उतरताना मी त्या मुलाला म्हटले, ‘‘बाळ, ते जंगलच आहे बरं का.’’ आजोबा हसले. ‘‘साहेब, झाडं कसली त्यात?’’

मी त्यांना तिवराची गोष्ट सांगितली. लाद्यांची मात्र सांगवली नाही. ती आज इथे सांगितली. पुढच्या वेळी घराचे काम काढाल, तेव्हा टेम्पोवाल्याला एवढेच विचारा, ‘‘कुठे टाकणार?’’ आणि उत्तर ऐकून दार लावू नका.