वेबसाइटवर पडून असलेले फोटो : साफसफाईचे अवजार पारखून घ्या

आपल्या व्यापारी बांधवांपैकी अनेकांनी गेल्या काही वर्षांत दुकानाची वेबसाइट काढली आहे. बोरीत गल्ल्यावर बसून जिंतूर-परभणीच्या पलीकडच्या गिऱ्हाइकाला साडीचा पदर दाखवता येतो, ही सोय लहान नाही. परंतु दोन-चार हंगाम गेले की एक दिवस होस्टिंगवाल्याचा निरोप येतो : जागा भरली, वरचा प्लॅन घ्या. मग कोणी सांगते, एक प्लगइन टाका, बटन दाबा, नको असलेले सगळे फोटो साफ. प्लगइन म्हणजे वेबसाइटला वरून जोडायचे अवजार. अशी अवजारे फुकट मिळतात आणि पुष्कळ मिळतात. त्यांतले कोणते घ्यावे हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण चुकीच्या अवजाराने गेलेला फोटो परत येत नाही.

आधी जागा का भरते ते पाहू. लहान दुकानांच्या बऱ्याच वेबसाइट वर्डप्रेसवर आणि विक्रीचा भाग वूकॉमर्सवर चालतो. तुम्ही एक फोटो चढवता, वर्डप्रेस त्याच्या लहान-मोठ्या प्रती स्वतःच तयार करते : १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ पिक्सेलच्या. फोटो २५६० पिक्सेलपेक्षा मोठा असेल, आणि आजच्या मोबाइलचा असतोच, तर २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून त्याची आणखी एक कमी केलेली प्रत बनते व मूळही तसेच राहते. वूकॉमर्स आपल्या मापाच्या प्रती वेगळ्या काढते. म्हणजे एका फोटोच्या नऊ-दहा फायली. समजा ४०० डिझाइन आणि प्रत्येकाचे ४ फोटो, तर १,६०० फोटोंच्या १६,००० फायली झाल्या. माल संपला म्हणून तुम्ही ते उत्पादन यादीतून काढता, तरी त्याचे फोटो सर्व्हरवर तसेच पडून राहतात. दुकान रिकामे, गोदाम भरलेले!

आता वापरात नसलेला फोटो ओळखायचा कसा? खरी अडचण इथे आहे. वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत 'अनअटॅच्ड' अशी एक चाळणी असते. पुष्कळ लोक तिचा अर्थ 'बिनकामाचा' असा घेतात. तो अर्थ चुकीचा आहे. तो फोटो कोणत्या पानातून चढवला गेला याची नोंद नाही, एवढाच त्याचा अर्थ. दुकानाची निशाणी असलेला लोगोसुद्धा त्या यादीत दिसू शकतो.

दुसरे असे की, फोटोचा उल्लेख वेबसाइटच्या वहीत एकाच पानावर नसतो. वूकॉमर्समध्ये उत्पादनाच्या गॅलरीतले फोटो नावाने लिहिलेले नसून क्रमांकाने लिहिलेले असतात. फक्त फायलीचे नाव शोधणारे अवजार तिथे आंधळे ठरते. एलिमेंटरसारख्या पेज बिल्डरने बनवलेल्या पानाचा सगळा हिशेब तर वेगळ्याच खात्यात असतो. पानाच्या मागे पार्श्वभूमी म्हणून लावलेला फोटो, थीमच्या सेटिंगमधला बॅनर, ईमेलने जाणाऱ्या बिलावरची निशाणी, ही सगळी वेगवेगळी खाती. ज्या अवजाराला ही खाती वाचता येत नाहीत, ते चालू फोटोला पडीक समजून कापते.

म्हणून अवजार घेताना पहिला सवाल हाच करावा : आमची वेबसाइट ज्या थीमवर आणि ज्या पेज बिल्डरवर बनली आहे, ती याला वाचता येते काय? दुसरा सवाल कचरापेटीचा. वर्डप्रेसमध्ये लेख किंवा पान काढले तर ते ३० दिवस कचरापेटीत राहते. फोटोला मात्र ही सवलत नाही, तो काढला की कायमचा गेला. जे अवजार स्वतःची कचरापेटी ठेवते आणि एका बटनावर फोटो जागच्या जागी परत आणते, तेच घ्यावे. 'मीडिया क्लीनर' नावाच्या प्लगइनमध्ये ही सोय आहे. त्याची फुकट आवृत्ती साधी तपासणी करते. पेज बिल्डरची जाण आणि सर्व्हरवरच्या फोल्डरची तपासणी पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीत आहे. पेज बिल्डरवर बनलेल्या वेबसाइटवर फुकटच्या आवृत्तीवर विसंबणे आम्हाला पटत नाही. कात्री स्वस्त म्हणून तागा वाकडा कापून घ्यायचा, असला तो व्यवहार.

प्लगइनच्या पानावर ते शेवटी कधी सुधारले याची नोंद असते, ती वाचावी. वर्डप्रेसच्या अलीकडच्या तीन मोठ्या आवृत्त्यांशी तपासून न पाहिलेल्या प्लगइनवर तसा इशारा लावलेला असतो. असा इशारा दिसला की पुढे जाऊ नये.

कचरापेटी असली तरी बॅकअप हवाच. 'अपड्राफ्टप्लस'सारख्या प्लगइनने डेटाबेस आणि अपलोड्स फोल्डर हे दोन्ही गूगल ड्राइव्हवर ठेवता येतात. त्याच सर्व्हरवर बॅकअप ठेवणे म्हणजे दुकानाची दुसरी किल्ली दुकानातच ठेवणे होय. साफसफाईआधी दोन-चार फायली परत आणून, उघडून पाहाव्यात.

आता असे काही, जे कोणतेही अवजार पाहू शकत नाही. तुम्ही गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर फोटोची थेट लिंक पाठवलेली असते. त्या लिंकची नोंद वेबसाइटमध्ये कुठेच नसते, आणि फोटो गेला की गिऱ्हाइकाच्या हाती मेलेली लिंक राहते. घाऊक गिऱ्हाईक तर 'मागच्या लग्नसराईला दिला तोच बॉर्डर' म्हणून जुनी लिंकच पाठवते.

आणि आमच्या कारागीर बांधवांचा प्रश्न याहून मोठा आहे. भरतकाम करणारा, जरीकाम करणारा, रंगारी, यांचा नग विकला की नमुना हातातून जातो. कागदावर नक्षी काढून ठेवण्याची सवय सगळ्यांना नसते. अनेकदा त्या कामाचा उरलेला एकमेव पुरावा म्हणजे वेबसाइटवरचा तो जुना फोटो. यंत्राच्या लेखी तो पडीक, कारण त्याचे उत्पादन यादीतून गेले. उद्या कोणी तसेच काम मागितले, किंवा नक्षी आमची म्हणून दावा केला, तर दाखवायचे काय? अशा फोटोंची मूळ, मोठी प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर वर्षवार उतरवून घ्यावी आणि मगच सर्व्हरवरून काढावी. हे काम कारागिराने स्वतः बसून करावे. वेबसाइट सांभाळणाऱ्या पोराला कोणता नमुना मोलाचा हे कळणार नाही.

पुष्कळदा भार मूळ फोटोंचा नसून जुन्या थीमच्या मापाच्या प्रतींचा असतो. 'रीजनरेट थंबनेल्स' हे प्लगइन त्या नको असलेल्या मापाच्या प्रती काढू शकते आणि मूळ फोटो राहतो. बॅकअप घेऊन आधी एवढे करून पाहावे, कदाचित पुढची कटकट वाचेल.

ईद, दिवाळी किंवा लग्नसराईच्या तोंडावर यातले काहीही करू नये. हंगाम उतरल्यावर पन्नास-पन्नास फोटो कचरापेटीत टाकावेत, प्रत्येक वेळी दुकानाची पाने मोबाइलवर उघडून पाहावीत. कचरापेटीतला माल सर्व्हरवरच असतो, म्हणून जागा लगेच मोकळी दिसणार नाही. त्यामुळे घाबरून पेटी रिकामी करू नये. आम्ही महिनाभर थांबतो. तेवढ्यात गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही, तरच ती रिकामी करतो.