हृदयातली गुठळी : ओढायची की विरघळवायची?

● अडथळा : मोठ्या हार्ट अटॅकमध्ये रक्ताची गुठळी हृदयाची रोहिणी बंद करते. मनगटातून बारीक नळी नेऊन फुग्याने वाट मोकळी करतात, स्टेंट बसवतात.

● ओढून काढणे : नळीला सिरिंज लावून गुठळी शोषून घेण्याची पद्धत २००८च्या डच ‘टापास’ चाचणीनंतर रुळली. मात्र २०१५च्या ‘टोटल’ चाचणीत दहा हजारांहून अधिक रुग्णांत तिचा सरसकट वापर फायद्याचा ठरला नाही. उलट पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला. आता ती निवडक रुग्णांतच वापरतात.

● ग्लासगोचा प्रयोग : रोहिणी उघडली तरी हृदयातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबलेल्या राहू शकतात. त्यासाठी ग्लासगो विद्यापीठाचे प्रा. कॉलिन बेरी यांच्या नेतृत्वाखाली ‘टी-टाइम’ चाचणी झाली. ब्रिटनमधल्या ११ रुग्णालयांतील ४४० रुग्णांचे तीन गट केले. स्टेंटआधी दोन गटांना थेट रोहिणीत गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज हे औषध १० किंवा २० मिलिग्रॅम, तिसऱ्या गटाला औषधाविना द्रावण. एमआरआयमध्ये फायदा दिसला नाही. निष्कर्ष २०१९मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. नको ते औषध टळणे, हाही रुग्णाचा लाभच.

● आपल्या हाती : छातीत दडपण, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणवल्यास लगेच १०८ला फोन करा.