मिनार आणि अनुमान

दौलताबादच्या पंधराव्या शतकांतील चांदमिनाराचें छायाचित्र ४० फूट रुंदीच्या जाहिरात-फलकावर न्यावयाचें, तर तें अस्पष्ट होईल अशी भीति वाटते. पूर्वींचे चित्रकार चौकटी आंखून चित्र वाढवीत. रेघ मोठी होई, नवी उपजत नसे. कृत्रिम बुद्धिमत्तेची रीत निराळी. शिकतांना पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून ती मधले ठिपके अनुमानानें भरते. आकाशाला तें शोभतें. मिनारावर मात्र नसलेली नक्षी उमटूं शकते. वस्तुतः १०० फुटांवरून निकोप डोळ्यालाहि इंचाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाहून लहान ठिपके निराळे दिसत नाहींत. म्हणजे त्या रुंदीला सुमारें १,४०० ठिपके पुरतात. साध्या मोबाइलच्या छायाचित्रांतहि त्याहून अधिक असतात. मग मिनारासाठीं अनुमान कशाला? फलक पाहून आलेल्या प्रवाशाला फलकावरचाच मिनार भेटला पाहिजे.